हात हलवणारं मढं

"सेन्योरा, खरं सांगा, दर शुक्रवारी हाच भुतांचा सिनेमा का नेता? घरी एकट्याने बघताना भीती नाही वाटत?"

बेगोन्याने एका दमात विचारून टाकलं. विनोदी कॅसेटच्या फळीमागे चारो आणि माइते तोंड दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. विचारलंस तर खरी, नाहीतर भित्री भागूबाई. आणि बेगोन्या हल्ली कुणाच्या बापाला भीत नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी आईबाबा व्हिडिओ लायब्ररीचं काउंटर तिच्यावर सोपवून आत बसायचे.

सेन्योरा कासिल्दांनी काळी शाल सारखी केली.

"कसली भीती? त्यातली निम्मी भुतं आपल्याच गावची. तो पहिला सांगाडा आहे ना, तो आपला पाववाला. सगळ्यांच्या तोंडाला त्याच्याच भट्टीतलं पीठ फासलं होतं."

फळीमागे कुणीतरी फिसकन हसलं.

बेगोन्याचं घर या गावात यायच्या आधी, ती लहान असताना, माद्रिदची माणसं येऊन वरच्या मोडक्या मठात शूटिंग करून गेली होती. खाणीतल्या पोरांना त्यांनी मढी केलं. मढी कबरीतून उठतात, रांगेने चालत येतात, आणि पाववाल्याच्या मागचं एक मढं मध्येच हसून चक्क हात हलवतं. तेवढ्यासाठी अख्खी शाळा हा सिनेमा न्यायची. तिथेच थांबवायचं, मागे घ्यायचं, पुन्हा थांबवायचं, लोळायचं. बेगोन्याला त्या मढ्याची नक्कल फार छान जमायची.

"पण ते हात हलवणारं मढं भारी आहे हं," तिने करूनही दाखवलं. "कबरीतून उठलंय आणि कॅमेऱ्याला टाटा करतंय."

"कॅमेऱ्याला नाही," सेन्योरा म्हणाल्या. "मला."

बेगोन्याचा हात वरच राहिला.

"तो माझा पोरगा, फेर्मिन. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी होते, त्याचं जेवण घेऊन. हरभऱ्याचं कालवण, भांडं काठोकाठ, दोन्ही हात अडकलेले. तो आपला हात हलवतोय, हलवतोय. आणि मी काय करावं? ओरडले, सरळ चाल की मेल्या, लोक बघतायत."

"मग?"

"मग नाताळच्या आधी खाण कोसळली. तो आतच होता."

बेगोन्याने हात खाली घेतला. "घरी फोटो नाही त्यांचा?"

"आहे ना. लहानपणचा, चर्चमधला. त्यात तो फोटोवाल्याकडे बघतोय." त्या म्हणाल्या. "इथे माझ्याकडे बघतो. आता माझे हात मोकळे असतात. फक्त लवकर उठत नाहीत, संधिवात आहे. म्हणून त्याला थांबवून ठेवते, आणि मग मी हात हलवते."

फळीमागून चारो हळूच डोकावली.

तेवढ्यात बाबा नवीकोरी कॅसेट नाचवत बाहेर आले, मागून आई. दोघं शहरातले, गावात तीन वर्षांपूर्वी आलेले.

"सेन्योरा, आज तुमची चैन. जुनीला त्या रांगेपाशी नुसत्या मुंग्या यायच्या, लोक तक्रार करायचे. कंपनीने सिनेमा झकास साफ करून पुन्हा काढलाय. जुनी खोक्यात घातली, सोमवारी परत पाठवतो. थांबा, दाखवतोच."

त्यांनी कॅसेट लावली. चित्र इतकं स्वच्छ की मठाचे दगड मोजावेत. कबरी फुटल्या. पाववाला आला. पाववाल्यामागून एकदम किंचाळणारी नटीच आली.

"जरा मागे घ्या," सेन्योरा म्हणाल्या.

बाबांनी मागे घेतलं. पाववाला. नटी.

"चूक काढून टाकली वाटतं," बाबा कौतुकाने म्हणाले. "मध्ये एक येडं हात हलवायचं ना."

बेगोन्याने त्यांची बाही ओढली, पण बोलून झालं होतं.

सेन्योरा टीव्हीकडे बघत राहिल्या. "आज आला नाही," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून दाराकडे निघाल्या.

"थांबा," बेगोन्या म्हणाली आणि आत पळाली. खोक्याची चिकटपट्टी तिने दातांनी तोडली. जुनी कॅसेट आणून लावली. पाववाला आला, आणि त्याच्यामागे मुंग्याच मुंग्या. मुंग्यांतून मनगटापर्यंत एक हात वर आलेला. चेहरा आता उरलाच नव्हता. थांबवून थांबवून तो घासून गेला होता. सेन्योरा आठवड्यातून एकदा थांबवायच्या. बाकीचं काम शाळेने केलं होतं.

"थांबव ना, पोरी. माझा हात उठेपर्यंत."

बेगोन्याचं बोट बटणावर होतं. तिने ते दाबलं नाही. अजून काही वेळा थांबवलं की तो हातही जाणार होता. तिने कॅसेट जराशी मागे घेतली, काउंटरला वळसा घालून सेन्योरांच्या शेजारी उभी राहिली आणि पाववाला दिसल्याबरोबर त्यांचं कोपर खालून उचललं.

मुंग्यांमधला हात हलला. सेन्योरांचा हात हलला. मग नटी किंचाळली.

सेन्योरांनी शालीच्या टोकाने नाक पुसलं, जुनी कॅसेट पिशवीत घातली आणि गेल्या. चारो आणि माइते फळीमागून बाहेर आल्या. पैजेचं कुणी नाव काढलं नाही.

बाबा फाटक्या खोक्याकडे बघत होते. "बेगो, अगं ती परत करायची होती."

"नाही करायची. ती आता त्यांची." ती आईकडे वळली. "आणि आई, शुक्रवारी आता मी काउंटरवर बसणार नाही. सेन्योरांकडे जाणार. दर शुक्रवारी."

"तिथे तुझं काय काम?"

"पाववाला आला की त्यांना सांगायला कुणीतरी लागतं."