गुलाबाचं सरबत

"ही नांदेडची बंडखोर गल्ली," मागून चालणाऱ्या पुणेकर पर्यटकांना मी सांगितलं. "याच ओट्यावर आमचे शाहीर भीमगीतं म्हणायचे आणि कव्वाल साथ करायचे. जयंतीच्या मिरवणुकीला आजही जन्नतबी खालाच सरबत पाजतात." खालांनी सगळ्यांच्या हातात गुलाबाच्या सरबताचे ग्लास दिले. पर्यटकांनी ग्लास उंचावून फोटो काढले. "किती सुंदर सलोखा!" एक बाई म्हणाल्या. पाहुणे गाडीत बसल्यावर खाला हरखून म्हणाल्या, "समद्यांनी पिलं की रे, आनंदराज! एकाच्याबी ग्लासात थेंब न्हाई." मी दाराजवळच्या मोगऱ्याकडे बघितलं. कुंडीत गुलाबी डबकं साचलं होतं, काठावर मुंग्या जमल्या होत्या. तासापूर्वी याच लोकांनी चौकातला उसाचा रस बर्फासकट पिला होता. "हाव खाला, लई आवडलं त्यांना." मी कुंडीसमोर सरकलो. पुढच्या वेळी कुंडी आधीच उचलून ठेवीन. बघतो मग, कुठे ओततात.