माणसाळलेला कोल्हा
इस्पितळात सलग दोन पाळ्या करून नंदा कळव्याला घरी आली, तेव्हा भर दुपारी मागच्या परड्यात कोल्हा उभा होता आणि तिचा नवरा दारात बसून त्याच्याकडे कौतुकानं पाहत होता. "खाडीकडचा आहे गं. बघ, कसा माणसाळलाय. पळतसुद्धा नाही." कोल्ह्याची लाळ गळत होती, मागचे पाय लटपटत होते. नंदानं नवऱ्याला आत ओढलं, कडी घातली, वनखात्याला फोन लावला. माणसं निघाल्याचं कळल्यावर चपला काढून ती एकदाची भिंतीला टेकली. तेवढ्यात तिला त्याच्या बोटावरची हळद दिसली. "अहो, हे काय?" "काही नाही. काल भाकरी देताना त्याचा दात लागला." तिनं त्याचा हात नळाखाली धरला, साबण लावून घड्याळ बघत पंधरा मिनिटं धुतला आणि पुन्हा चपला पायात सरकवल्या. "चला." "कुठं?" "जिथून आत्ता आले, तिथंच."