कोरडा सांधा
स्मशानातल्या भट्टीच्या बर्नरला फिटरनं तेलाची नवी लाइन जोडली. गळती बघायला प्रत्येक सांध्यावरून कागद फिरवला. कागद कोरडाच निघाला.
"टाकीकडचा सांधा ढिला असला तर गळत नाही, हवा ओढतो, मग ज्योत विझते," भट्टीवाले काका म्हणाले. "तासभर पेटवून बघू."
फिटर हत्यारं आवरत हसला. "विझली तर विझली, काका. आतल्याला कुठं गाडी पकडायचीय?"
नवव्या दिवशी आत फिटरचेच वडील होते. वीस मिनिटांत बर्नर फडफडला आणि विझला. काकांनी पाना पुढं केला. गुडघे टेकून तो टाकीकडचा सांधा आवळू लागला. घाईत पाना दोनदा निसटला.
दारातून आई हळूच म्हणाली, "सावकाश कर, बाळा. जन्मभर घाईच केली त्यांनी. आता कुठं गाडी पकडायचीय?"