ताडपत्रीवरचा झेंडू

चोवीस तासांच्या शर्यती गाजवलेल्या जुन्या गाडीचं टर्बो इंजिन हरिश्चंद्र आणि धाकटा भाऊ परेश यांनी सातिवलीतल्या आपल्या गॅरेजच्या गाळ्यात खपून सुरू केलं होतं. दर दसऱ्याला हरिश्चंद्र त्याला स्वतःच्या बोटांनी हळदकुंकू लावी. यंदा परेश म्हणाला, “दादा, ताडपत्री काढू नको. इंजिन खोललंय, आत धूळ जाईल. पूजा वरूनच कर.” हरिश्चंद्राने ताडपत्रीवर झेंडू वाहिला, नारळ फोडला, हात जोडले. पेढा घेताना जुन्या गिऱ्हाइकाने मोबाइल पुढे केला. “शेट, तुमचं इंजिन परदेशात लिलावाला?” फोटोतल्या टर्बोच्या खाचेत गेल्या दसऱ्याचं कुंकू तसंच होतं. हरिश्चंद्राने ताडपत्री खेचली. खाली भंगारातला पाण्याचा पंप होता. “सांगितलं असतं तर तू विकू दिलं नसतंस,” परेश पुटपुटला आणि पाया पडायला वाकला. हरिश्चंद्राने हातातली ताडपत्री आपल्या पायांवर ओढली. “नमस्कार वरूनच कर.”