दसऱ्याची स्वारी

दसऱ्याची पूजा झाली. आप्पांनी झेंडूची माळ घातलेल्या मोटारसायकलची किल्ली पोराच्या हातात ठेवली. "आता तरी चालव, लेका. तुझ्या वयात मी हिच्यावरून गोवा गाठला होता."

"क्लच, गिअर, खड्डे, पार्किंग... कोण करतंय एवढं, आप्पा?" पोराने मोटारसायकलला मनोभावे नमस्कार केला, किल्ली परत दिली आणि मोबाइलवरून बाइक टॅक्सी बोलावली.

आप्पांच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी हेल्मेट चढवलं, किक मारली आणि गंभीरपणे विचारलं, "ओटीपी?" पोरगा एकदा तरी हिच्यावर बसावा, म्हणून त्यांनी गुपचूप टॅक्सीवाल्यांत नाव नोंदवलं होतं.

उतरल्यावर पोराने चारच तारे दिले. शेरा लिहिला, "गाडी झकास. ड्रायव्हर वाटेत लग्नाचा विषय काढतो."

त्यातले पहिले दोन शब्द आप्पा गल्लीभर दाखवत फिरले.