ओकणारा तांडेल

शेवंतीवहिनींनी ट्रंकेला कुलूप लावलं. उद्या मुलगा त्यांना पुण्याला नेणार, म्हणजे बंदराकाठच्या अख्ख्या गावात उरणार एकटे फटूनाना. नानांनी आपण लिहिलेल्या गावाच्या इतिहासाची वही काढली आणि निरोपादाखल वाचून दाखवलं, "वहिनींचे सासरे होड्या हाकणारे नामांकित तांडेल, मात्र होडी हलली की त्यांना ओकाऱ्या होत."

"माझो सासरो ओकायचो?" वहिनी कडाडल्या. "वादळातसून सात होडये काठाक लावल्यानी त्येंनी! खोडा ता आधी!"

"पुराव्याशिवाय इतिहास खोडूक येणा नाय, वहिनी. तुमी सगळा पयल्यापासून सांगूक व्हया."

वहिनींनी ट्रंक उघडून चष्मा काढला आणि मुलाला फोन लावला, "आता नको, दिवाळीक ये."

नानांनी गंभीरपणे पान उलटलं. दिवाळीसाठीची थाप तयारच होती: वहिनींच्या आजेसासऱ्यांना पोहता येत नव्हतं.