तीन नंबरचं दार

"आज भरला गं तुझा महिना!" डबा खाता खाता चष्मेवाली म्हणाली, आणि बाकीच्या बायका एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या.

नवीने डब्याचं झाकण लावलं. ती शीतगृहात कामाला लागली त्याच दिवशी ट्रकवाल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने तिला सावध केलं होतं. "महिना झाला की नव्या माणसाला गोठवणाच्या खोलीत कोंडतात. मलाही कोंडलं होतं. जो ओरडला नाही, तो त्यांचा."

घरी नवऱ्याला भारी गंमत वाटली होती. "बकरा व्हायचं नसेल तर डोळे उघडे ठेव म्हणजे झालं."

दुपारभर तिने डोळे उघडे ठेवले. ती जवळ आली की कुजबुज थांबायची. चष्मेवालीने झटकन पाठीमागे काहीतरी लपवलं. एरवी अंगावर खेकसणारे मुकादम मामासुद्धा आज साखर पेरल्यासारखं बोलले. "चारला कँटीनमध्ये ये हं, पोरी. टाळू नकोस."

नक्कीच पाणी मुरत होतं.

तीनच्या सुमारास मटारच्या पेट्यांची गाडी ढकलत ती बोळातून निघाली, तर गोठवणाच्या खोलीच्या, तीन नंबरच्या दारामागून आवाज आला. धप्. धप्धप्.

दार चांगलं वीतभर जाडीचं. आवाज कसाबसा बाहेर पोचत होता. तिचा हात दाराच्या मुठीकडे गेला आणि तिथेच थांबला. उघडलं की आत ओढणार आणि दार लावून घेणार! बोळाच्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलंसुद्धा.

"मी नाही हो फसायची!" ती दाराला तोंड लावून ओरडली.

दारावरच्या थापा एकदम वाढल्या.

काय नाटकं करतात एकेक! तिने गाडी पुढे ढकलली.

चारला ती ताठ मानेने कँटीनमध्ये शिरली. सगळ्या उभ्या होत्या. टेबलावर लोकरीचे नवे हातमोजे होते, मनगटाशी लाल दोऱ्याने तिचं नाव भरलेलं.

"आजपासून तू आमची," चष्मेवाली म्हणाली. "पण थांब, मामांच्या हातूनच घालायचे असतात. कुठे राहिले कोण जाणे, तासभर दिसले नाहीत."

नवीला हसू आवरेना. "मला कोंडायला टपून बसले असतील!"

"कोंडायला?" चष्मेवाली गोंधळली. "ते मामांनीच बंद पाडलं की. तीन नंबरचा आतून उघडायचा खटका मोडला, तेव्हापासून."